पित्ताच्या पिशवीतील खडे : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर

पुण्या-मुंबईत, लातूर-नांदेडात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेकांना गावाकडून असा दूरध्वनी कधी ना कधी येतो. "दादा, आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघालेत. डॉक्टर पिशवीच काढा म्हणतेत. काय करावं?" सोबत भ्रमणध्वनीवर सोनोग्राफीच्या अहवालाचे छायाचित्र आलेले असते. गाव जळकोट असो वा त्याच्या आसपासची एखादी वाडी, प्रश्न तोच असतो. शहरातल्या मुलाने वा जावयाने त्याचे उत्तर तातडीने द्यावे, अशी घरच्यांची अपेक्षा असते आणि बहुधा त्यालाही या अवयवाविषयी फारशी माहिती नसते.

या गोंधळाला आपली भाषाही थोडीफार कारणीभूत आहे. मराठीत 'पित्त' हा शब्द आपण किमान तीन अर्थांनी वापरतो. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले की 'पित्त झाले'. अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त उठले'. आणि आयुर्वेदातील त्रिदोषांपैकी एक तेही पित्तच. पित्ताशयात साठणारे पित्त यांपैकी कोणतेच नव्हे. तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचक रस होय. यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्यातील काही भाग यकृताच्या खाली चिकटलेल्या, पेराच्या आकाराच्या छोट्या पिशवीत साठतो आणि तेथे घट्ट होतो. पिशवीची क्षमता जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान कपाच्याही निम्मी. आपण तेलकट-तुपकट खाल्ले की पिशवी आकुंचन पावते आणि ते पित्त नळीवाटे लहान आतड्यात उतरते. जळजळीचे 'पित्त' मात्र जठरातील आम्लाचे असते. दोन्हींची गल्लत झाल्यामुळे पित्ताशयात खडे असलेले रुग्ण वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या आणि सोडा घेत राहतात. उलटपक्षी, ज्यांचा त्रास निव्वळ आम्लपित्ताचा आहे, अशांच्या पिशवीवर कधी कधी विनाकारण शस्त्रक्रिया होते. या दोन्ही चुकांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

कळ ओळखावी कशी?

खड्यांची कळ बऱ्याचदा जड जेवणानंतर काही वेळाने किंवा रात्री झोपेतून उठवणारी असते. लातूर-नांदेड भागातील वाचकांना वेळ अमावास्येचे वनभोजन आठवेल. दिवसभर शेतात भज्जी, उंडे, आंबील, खीर असे आग्रहाने जेवण होते आणि मध्यरात्री बरगड्यांच्या खाली, उजव्या बाजूला किंवा थेट बेंबीच्या वर मध्यभागी दुखू लागते. दुखणे वाढत जाऊन एका पातळीवर टिकून राहते. पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. मळमळते, उलटी होते, पण उलटीने आराम पडत नाही. कूस बदलून, पोट दाबूनही फरक पडत नाही. अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत हा प्रकार चालतो आणि मग जणू काही झालेच नव्हते, असे सारे शांत होते. पुढचे दुखणे आठवड्याने येईल, सहा महिन्यांनी येईल किंवा येणारही नाही.

याउलट जेवणानंतरची जळजळ, पोट फुगणे, ढेकर आणि गॅस या तक्रारी खड्यांमुळेच असतात असे नाही. त्या खडे नसलेल्यांनाही तितक्याच प्रमाणात होतात. येथे एक इशारा द्यायलाच हवा. बेंबीच्या वरचे दुखणे हे हृदयविकाराचेही असू शकते. मधुमेही आणि वयस्कर व्यक्तींमध्ये तर ते अनेकदा तसेच प्रकट होते. घाम येत असेल, दम लागत असेल, तर 'पित्त असेल' म्हणून घरी बसू नये; जवळच्या रुग्णालयात आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

खडे होतात कशामुळे? बहुतेक खडे हे पित्तातील कोलेस्टेरॉल साखळून बनतात. काही रक्तातील रंगद्रव्यापासून बनतात. स्त्रियांमध्ये, विशेषतः बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक असते. वाढते वय, लठ्ठपणा, घराण्यातील इतिहास आणि वजन झपाट्याने घटवणे ही अन्य कारणे. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आजारात लहान वयातही खडे होतात. टोमॅटोच्या किंवा पेरूच्या बियांमुळे पित्ताशयात खडे होतात, या समजुतीला मात्र काहीही आधार नाही. खाल्लेली बी तेथे पोहोचूच शकत नाही.

निदानासाठी सोनोग्राफी पुरेशी असते. ती सहा ते आठ तास उपाशीपोटी करावी, कारण खाल्ल्यावर पिशवी आकसते आणि आतले नीट दिसत नाही. पित्ताशयातील खडे पकडण्यात ही तपासणी अत्यंत भरवशाची आहे. मुख्य पित्तनलिकेत उतरलेले खडे मात्र तिला नेहमी दिसतातच असे नाही.

खडे आहेत, म्हणजे शस्त्रक्रिया हवीच का?

नाही. आणि हे उत्तर ठामपणे सांगण्याची गरज आहे.

मराठवाड्यात 'पिशवी काढून टाका' या शब्दांना एक कटू संदर्भ आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला. त्यानंतर झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे दिसून आले. त्यांतील अनेक जणी ऐन तारुण्यातील होत्या. पित्ताशयाची गोष्ट निराळी आहे, हे खरे. पित्ताशयाविना शरीराचे फारसे अडत नाही आणि योग्य रुग्णात ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तरीही 'काढून टाका' असे सांगितले जाताच 'का?' असे विचारण्याची सवय या प्रदेशाने लावून घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगला शल्यचिकित्सक त्या प्रश्नाची वाटच पाहत असतो.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने खडे आढळले आणि कधीही कळ आलेली नसेल, तर त्यांना 'मूक खडे' म्हणतात. अशा शंभर जणांपैकी दरवर्षी साधारण एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. बाकीच्यांचे खडे आयुष्यभर मूकच राहण्याची शक्यता अधिक असते. त्यांनी केवळ लक्ष ठेवावे. याला काही अपवाद आहेत. तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचणे, एक सेंटीमीटरहून मोठी गाठ, रक्तपेशी मोडण्याचा आजार, अशा परिस्थितीत त्रास नसतानाही पिशवी काढण्याचा सल्ला दिला जातो; पहिल्या तिन्ही बाबतींत कर्करोगाची शंका त्यामागे असते. पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण गंगेच्या खोऱ्यात बरेच आहे, दक्षिणेकडे ते कमी होत जाते.

वर वर्णन केलेली खरीखुरी कळ एकदा येऊन गेली, की चित्र बदलते. ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. पित्ताशयाला सूज येणे, लहान खडा नळीत अडकून कावीळ होणे किंवा स्वादुपिंडाला सूज येणे, या गुंतागुंती मग दूर नसतात. यांतील स्वादुपिंडाची सूज सर्वांत धोक्याची आणि तिला मोठ्या खड्यांपेक्षा बारीक, वाळूसारखे खडे अधिक कारणीभूत ठरतात. "खडे बारीकच आहेत, घाबरू नका" हा शेजाऱ्यांचा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

योग्य निवडीचे महत्त्व किती, हे नेदरलँड्समधील २४ रुग्णालयांत झालेल्या आणि 'लॅन्सेट' नियतकालिकात २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून ध्यानात येते. खडे आणि पोटाच्या तक्रारी असलेल्या हजारांहून अधिक रुग्णांचा त्यात समावेश होता; बहुतेकांची शस्त्रक्रिया झाली. वर्षभरानंतरही सुमारे चाळीस टक्के रुग्णांचे पोटदुखणे पूर्णपणे गेलेले नव्हते. शस्त्रक्रिया वाईट होती, असा याचा अर्थ नाही. अनेकांच्या दुखण्याचे मूळ खड्यांत नव्हतेच. तेव्हा शल्यचिकित्सकांना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच की, 'माझा त्रास या खड्यांमुळेच आहे, असे आपणांस कशावरून वाटते?'

दुसरा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, 'औषधाने विरघळणार नाहीत का?' मूतखड्याचा अनुभव येथे दिशाभूल करतो. मूतखडा भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडू शकतो, ध्वनिलहरींनी फोडता येतो. पित्ताशयातील खडा फोडला, तर त्याचे तुकडे नेमके त्या अरुंद नळीत जाऊन अडकण्याची भीती असते. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी लहान, कोलेस्टेरॉलचे खडे काही रुग्णांत विरघळतात; पण त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर पाच वर्षांत निम्म्या जणांना ते पुन्हा होतात. लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन हिरवे 'खडे' शौचावाटे पडल्याच्या कहाण्या सर्वत्र फिरतात. प्रयोगशाळेत तपासले असता असे गोळे तेल आणि पाचक रसांपासून पोटातच तयार झालेल्या साबणाचे असल्याचे आढळले आहे. फक्त खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का, ही शंकाही रास्त आहे. परंतु खडे तयार करणारी पिशवी मागे राहिली, तर ती नवे खडे तयार करते.

चिरफाडीपासून दुर्बिणीपर्यंत

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये केली. पुढे शंभर वर्षे उजव्या बरगड्यांखाली वीतभर छेद घेऊनच हे काम होत असे. सप्टेंबर १९८५मध्ये जर्मनीतीलच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीद्वारे करून दाखवले. भारतात ही पद्धत १९९०मध्ये आली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांच्या हातून. एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, तर सरकारी रुग्णालयात ती प्रथम झाली, याला अर्थ आहे. हे महागडे तंत्र गरीब देशाला काय कामाचे, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता. उदवाडिया यांचे म्हणणे नेमके उलटे होते. हातावर पोट असलेल्या मजुराला लवकर कामावर परतणे सर्वाधिक गरजेचे असते, म्हणून हे तंत्र त्याच्यासाठीच आहे, असे ते मांडत राहिले. २०१७मध्ये त्यांना पद्मभूषणने गौरवण्यात आले. २०२३मध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रामीण भागात 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हटले की आजही अनेकांना कुटुंबनियोजनाचे शिबिर आठवते. त्यामुळे सासूबाईंचे दुर्बिणीचे ऑपरेशन ठरले, हे ऐकून घरात क्षणभर शांतता पसरते, असा अनुभव सांगितला जातो. तंत्र एकच, हेतू निराळा. तेव्हा घरच्यांना नीट समजावून सांगणे बरे.

प्रवेशापूर्वीची तयारी

जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या टोकाचा, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील आणि नांदेडच्या सीमेला लागून असलेला तालुका. जवळचे मोठे गाव उदगीर. वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तर लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. यांपैकी काहीच हाकेच्या अंतरावर नाही. शस्त्रक्रिया कोठे करावी हे ठरवताना खर्चाइतकाच या अंतराचा विचार व्हावा. अंतराचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर घरी परतल्यानंतर उभा राहतो. त्याविषयी पुढे येईलच.

खर्चाच्या बाबतीत २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जन आरोग्य योजना, तसेच आयुष्मान भारत योजना यांची चौकशी आधी करावी. योजनेतील काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, काहींना पूर्वमंजुरी लागते आणि नियम वेळोवेळी बदलतात. संलग्न रुग्णालयात बसणारा 'आरोग्यमित्र' ही माहिती देतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न नेल्यामुळे एक फेरी वाया जाणे, हे नेहमीचेच दृश्य आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, हृदयाचा आलेख, छातीचा एक्स-रे अशा तपासण्या होतात. यकृताच्या चाचणीत दोष आढळला किंवा पित्तनलिका फुगलेली दिसली, तर नळीत खडा असल्याची शंका घेऊन एमआरआयच्या प्रकारची तपासणी केली जाते. तेथे खडा असल्यास तो बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून आधी काढावा लागतो. ही सोय सर्वत्र नसते. म्हणून ती आहे का, नसल्यास कोठे पाठवणार, हे विचारून ठेवावे.

भूलतज्ज्ञांपासून काहीही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, दारू, तंबाखू हे सारे सांगावे. मिश्री लावणाऱ्या आजीबाई 'मी तंबाखू खात नाही' असे प्रामाणिकपणे सांगतात. मिश्री म्हणजेही तंबाखूच, हे मुलाने सांगायला हवे. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तीन दिवस आधी थांबवण्याचा सल्ला दिला जातो. त्या स्वतःहून मात्र थांबवू नयेत. अन्न सहा तास आधी बंद करावे लागते आणि दुधाचा चहा हा अन्नातच मोडतो. 'घोटभर चहाच तर घेतला' यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात. साधे पाणी बहुतेक रुग्णांना दोन तास आधीपर्यंत चालते. पण रुग्णालयाने दिलेली वेळ हीच अंतिम मानावी.

बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवावे लागते. रक्तस्राव थांबवण्यासाठी विद्युतप्रवाहाचे उपकरण वापरतात आणि अंगावरील धातूमुळे भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र काढायला अनेक स्त्रियांचे मन धजत नाही. ऐनवेळी परिचारिकेने सांगण्यापेक्षा घरच्या वडीलधाऱ्या बाईने आदल्या रात्री समजावले, तर ते सोपे जाते. नखांचा रंग आणि बोटांवरची गडद मेंदी यांमुळे रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र चुकू शकते.

भुलीच्या पडद्याआड

पूर्ण भूल दिल्यानंतर पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोकळी तयार करतात. बेंबीजवळ एक, छातीच्या हाडाखाली एक आणि उजव्या बरगड्यांखाली दोन, अशी अर्ध्या ते एक सेंटीमीटरची चार छिद्रे घेतली जातात. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारे. शल्यचिकित्सक पडद्यावर पाहून काम करतो. पिशवीची नळी आणि तिला रक्त पुरवणारी धमनी यांना बारीक क्लिपा लावून त्या कापल्या जातात, यकृतापासून पिशवी सोडवली जाते आणि बेंबीजवळच्या किंवा वरच्या छिद्रातून बाहेर काढली जाते. टायटॅनियमच्या क्लिपा आत कायम राहतात. त्यांचा त्रास होत नाही. सारे सरळ असेल, तर तासाभराचे काम.

येथील एका गोष्टीवर मात्र सारे अवलंबून असते. पिशवीची नळी आणि यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका अगदी लगत असतात. सूज असली की दोन्ही ओळखणे कठीण होते. चुकून मुख्य नलिका कापली गेली, तर साध्या शस्त्रक्रियेचे रूपांतर वर्षानुवर्षांच्या दुखण्यात होते. ही इजा हजारांत साधारण तीन ते पाच रुग्णांना होते. ती टाळण्यासाठी अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५मध्ये एक साधा दंडक घालून दिला. पिशवीकडे जाणाऱ्या दोन आणि दोनच रचना स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही. त्या दिसत नसतील, तर पिशवीचा काही भाग मागे ठेवणे किंवा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हा शहाणपणा होय.

म्हणूनच संमतिपत्रात 'गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया' असे लिहिलेले असते. शंभरातील काही रुग्णांत ही वेळ येते. सूज असताना अधिक. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ही बातमी अपयशाची वाटते आणि 'डॉक्टरला जमलं नाही' असा बोभाटा होतो. वस्तुतः वेळीच पोट उघडण्याचा निर्णय घेणारा शल्यचिकित्सकच अधिक भरवशाचा. सूज असताना शस्त्रक्रिया करू नये, सहा आठवडे थांबावे, असे पूर्वी मानत. आता, रुग्णाची प्रकृती साथ देत असेल, तर सूज आल्यापासून पहिल्या काही दिवसांतच पिशवी काढणे हितावह मानले जाते. लांबणीवर टाकल्यास मधल्या काळात दुखणे पुन्हा उसळते.

शुद्धीवर आल्यानंतर

घसा किंचित खवखवतो, मळमळते, थंडी वाजते. पुष्कळ रुग्णांना चकित करते ते उजव्या खांद्याचे दुखणे. 'पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा दुखतो?' पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल ताणले जाते आणि त्याच्या मज्जातंतूचे दुखणे खांद्यावर जाणवते, इतकेच ते कारण. दोन दिवसांत ते जाते. चालल्याने लवकर जाते. काही तासांनी घोट घोट पाणी, त्याच संध्याकाळी आधाराने दोन पावले आणि बहुधा दुसऱ्या दिवशी घरी, असा सर्वसाधारण क्रम असतो. पोट उघडले असल्यास पाच-सहा दिवस लागतात.

आता अंतराचा मुद्दा. पित्त झिरपणे किंवा नलिकेची इजा या गुंतागुंती अनेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळत नाहीत. त्या पहिल्या आठवड्यात, रुग्ण घरी असताना उघड होतात. लातूर शहरातील रुग्ण रिक्षाने परत येऊ शकतो. जळकोटच्या पलीकडच्या वाडीतील रुग्ण आधी 'गॅस असेल' म्हणून एक दिवस काढतो, मग गावातल्या डॉक्टरांचे इंजेक्शन घेतो आणि तिसऱ्या दिवशी फुगलेल्या पोटाने शहर गाठतो. म्हणून आपण लांबून आलो आहोत, हे शल्यचिकित्सकांना स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास दोन-तीन दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे थांबावे. रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावा.

घरच्यांनी एकच खूणगाठ बांधली तरी पुरेसे आहे. प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा गेला पाहिजे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद आणि शौच पांढुरके झाले, पोट फुगले, उलट्या थांबेनात किंवा जखमेतून हिरवट-पिवळे पाणी आले, तर त्याच रुग्णालयात त्याच दिवशी परत जावे. सकाळच्या एसटीची वाट पाहू नये.

हे सोडले, तर पुढचे दिवस बऱ्यापैकी सुखाचे असतात. दोन दिवसांनी अंघोळ करता येते. न विरघळणारे टाके आठवड्या-दहा दिवसांत काढतात. दुचाकी, अचानक ब्रेक दाबताना पोटात दुखणार नाही इतका आराम पडल्यावरच चालवावी. मागे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाणेही पहिला आठवडा टाळलेले बरे. कार्यालयीन काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होते. शेतातील कामाचे तसे नाही. हंडे, पोती, चाऱ्याचे भारे उचलणे तीन-चार आठवडे बंदच ठेवावे; पोट उघडले असल्यास दोन महिने. अन्यथा बेंबीजवळच्या छिद्रातून हर्निया होण्याचा धोका असतो. हे रुग्णाला माहीत असते. घरातील इतरांना माहीत नसते. 'चार भोकं तर पाडलीत' म्हणून आठव्या दिवशी सुनेच्या डोक्यावर हंडा येतो.

पथ्याविषयी आपल्याकडे फार अतिरेक होतो. पिशवी काढली म्हणजे जन्मभर मऊ भात आणि मुगाचे वरण, असे काही नाही. पित्त यकृतातच तयार होत असते. फरक इतकाच की, ते आता साठून न राहता थेट आतड्यात थेंब थेंब उतरत राहते. पहिले काही आठवडे थोडे थोडे, कमी तेलाचे खावे. मग हळूहळू भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, सारे चालते. काहींना तेलकट जेवणानंतर पातळ शौचाला होते. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत थांबते. न थांबल्यास त्यावर औषध आहे. जळजळ आणि ढेकर पूर्वीपासून असतील, तर ते राहतील. ते जठराचे दुखणे, पिशवीबरोबर गेलेले नाही.

शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण तशी नाही. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांच्या हाती एका छोट्या डबीत खडे दिले जातात आणि ते गावभर दाखवले जातात. त्यात गैर काही नाही. मात्र काढलेली पिशवी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाणे आवश्यक आहे. बाहेरून साध्या दिसणाऱ्या पिशवीत क्वचित कर्करोगाची सुरुवात आढळते आणि तेव्हा उपचारांची दिशाच बदलते. हा अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर टाके काढून झालेले असतात, रुग्णाला बरे वाटत असते आणि तो आणायला कोणीच जात नाही. पिशवी तपासणीला पाठवली का आणि अहवाल कधी, कोठे मिळेल, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून तो आणण्याची जबाबदारी घरातील एकावर सोपवावी. शहरातून फोनवर सल्ला देणाऱ्या मुलाला करण्यासारखे हे एक नेमके काम आहे.